मुक्ताबाईचा खडा

आमच्या मुकुंदवाडीत मुक्ताबाईला फसवून गेलेला माणूस अजून जन्माला यायचाय. भाजीचा गाडा चालवून तिनं दोन पोरं वाढवली आणि आडत्यांशी हुज्जत घालता घालता एक विद्या कमावली, खडा टाकून पाहायची. एकदा एक गुळगुळीत गृहस्थ "मी तुमच्या माहेरचा, सिल्लोडकडचा" म्हणत कसली तरी योजना गळ्यात मारायला आला. मुक्ताबाईनं चहा ठेवला आणि गोड आवाजात विचारलं, "वेशीतला वड हाय का वो अजून?"

"हाय की! लई डेरेदार झालाय."

वेशीत वड कधी नव्हताच. गृहस्थाला चहा मिळाला नाही, झाडू मात्र मिळाला. शेजारी म्हणून माझ्यावरही तिनं असे खडे टाकलेत, आणि मी निवृत्त मास्तर असून नापास झालोय. ते असो.

तिचा सम्यक फौजेत होता. गेल्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या एका चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि त्यात तो गेला, असं कळवण्यात आलं. देह सापडला नाही. तेवढंच एक वाक्य मुक्ताबाईनं घट्ट धरून ठेवलं. सापडला नाही, मग गेला कशावरून? कुठं दवाखान्यात पडला असंल, दुसऱ्या अंगानं निघाला असंल. वर्दीतले साहेब येऊन आदरानं बोलले, तर म्हणाली, "त्यायला जे सांगितलंय तेच ते बोलणार." पुढाऱ्यांनी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लावला, तो तिनं स्वतः उतरवला. मुलीनं, निशानं, फोटोसाठी हार आणला, तो भाजीच्या पाटीत सुकून गेला. पुण्यानुमोदनाचं, गेलेल्या माणसासाठीच्या त्या विधीचं, नाव काढलं की ती ताट सारून उठायची. निशाला आईपुढं रडायचीही चोरी झाली होती. मला त्या पोरीची फार कणव यायची.

मग पुण्याहून मोनिका नावाच्या पत्रकाराचा फोन आला. ती सम्यकच्या तुकडीसोबत त्याच चौकीवर महिनाभर राहून बातम्या पाठवत होती. कडा कोसळला तेव्हा तिथंच होती. भेटायला येते म्हणाली.

"मास्तर, तुमी जवळ बसा," मुक्ताबाई म्हणाली. "मला ह्या पेपरवालीचा भरवसा नाय."

भरवसा मलाही नव्हता. फौजेच्या गाडीतून जायचं, त्यांच्याच तंबूत झोपायचं, त्यांच्याच पंगतीला जेवायचं आणि वर म्हणे खरं लिहायचं! खाल्ल्या मिठाला कोण जागत नाही? शिवाय रडती आई कॅमेऱ्यात छान दिसते, हेही आम्हाला ठाऊक होतं.

मोनिका आली ती एकटीच. मुक्ताबाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "क्यामेरा कुठंय?"

"आणला नाही, मावशी."

"फोनात असतोयच की."

मोनिकानं फोन बंद करून निशाच्या हातात दिला.

"तू लिहायची ते आधी साहेब वाचायचे?"

"हो. चौकीचं नाव काढायला लावलं, वाटांची माहिती काढायला लावली. त्यावरून एकदा भांडणही झालं."

इतकं सरळ उत्तर मी अपेक्षित धरलं नव्हतं. पण मुक्ताबाईचा चेहरा हलला नाही. तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि एकदम मवाळ होऊन म्हणाली, "माझ्या सम्यकला वांग्याची भाजी लई आवडायची. तिथं मिळायची का गं त्याला?"

निशानं माझ्याकडं पाहिलं. आम्हा दोघांनाही कळलं, खडा पडला. आईचं मन राखायचं तर कुणीही हो म्हणालं असतं. मीसुद्धा म्हणालो असतो.

मोनिका गोंधळली. "वांगं? नाही हो, मावशी. वांग्यानं त्याचे ओठ सुजायचे. वांगं असलं की तो माझ्याकडचं लोणचं मागून घ्यायचा आणि नुसत्या रोटीवर भागवायचा."

खरं होतं ते. त्यांच्या पंगतीला जेवली म्हणून आम्ही जिच्यावर संशय घेतला, तिला हे त्या पंगतीतच कळलं होतं.

मुक्ताबाईचा आवाज बारीक झाला. "मंग सांग. तू सवता काय पाह्यलंस?"

"सकाळी वाटेवरचा बर्फ काढायला तिघं वर गेले. मी खाली होते. सम्यकनं फावडं उंच करून मला हाक मारली. तेवढ्यात वरून कडा सुटला, आणि ते तिघं होते तिथं काहीच उरलं नाही. सगळ्यांनी बोटं फुटेस्तोवर उकरलं, मीही उकरलं. दोघांचे देह मिळाले. सम्यक उभा होता तिकडचा बर्फ खोल दरीत गेला. त्यातून कुणी निघणं शक्य नव्हतं, मावशी. मी पाहिलंय."

मुक्ताबाई भिंतीवरच्या फोटोकडं बघत राहिली. मग निशाला जवळ ओढून तिनं तिचं डोकं छातीशी धरलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती पोरगी आईपुढं मोकळं रडली.

जरा वेळानं मुक्ताबाईनं मोनिकाचा हात धरला. रागानं धरला की मायेनं, मला अजून सांगता येत नाही.

"खोटं बोलायचं व्हतं गं पोरी. वांगं खायचा म्हणली असतीस, तर मी अजून वाट पाह्यली असती."