शेकाचा खाडा

रुपरावचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नंदनवनच्या मागच्या वस्तीतून सायकलने लकडगंज, आणि आरा मशीन सुरू व्हायच्या आत पात्याला धार. धार लावणं त्याचं काम नव्हतं. पण दुसऱ्याने लावलेली धार त्याला पटत नसे.

आऱ्यावर दोन माणसं लागतात. पुढचा ओंडका पात्याला लावतो, मागचा ढकलतो. मागच्याला पातं दिसत नाही. पुढचा ओरडला की थांबायचं, नाहीतर त्याची बोटं जातात. रुपराव पुढे आणि मी मागे, अशी आमची अठ्ठावीस वर्षं गेली. त्याची दहाही बोटं शाबूत आहेत. आऱ्यावरच्या माणसाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नसतं.

मग त्याचा आवाज बसला. भुसा गेला असेल म्हणून त्याने दोन महिने काढले. बिडी चालूच होती. तपासलं तर गळ्याचा कॅन्सर.

डॉक्टरबाईने दोन रस्ते सांगितले. ऑपरेशन केलं तर आजार जाईल, पण आवाजही जाईल. शेक घेतला, म्हणजे रेडिएशन, तर दहातल्या सात-आठांचा आजार जातो आणि आवाज राहतो. पण गळा भाजेल, थुंकी आटेल, घास गिळताना रडू येईल, काही त्रास कायमचा राहील. सात आठवडे, रविवार सोडला तर जवळपास रोज. "आणि एक दिवसही चुकवायचा नाही," बाई म्हणाल्या.

हे शेवटचं वाक्य कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. वस्तीत चर्चा झाली ती फक्त शेकाची. शेजारचा गिरिधर रोज येऊन बसायचा.

"शेकानं मानूस आतून भाजते गा. माह्या साडभावाचे दात पडले."

"त्याचे दात लग्नातच पडले होते," रुपराव म्हणाला. "पत्रिकेवर छापाचं राह्यलं होतं."

तो शेकाला घाबरला नाही. आवाज गेला तर आऱ्यावरची पुढची जागा जाते, एवढा एकच हिशेब त्याने केला, आणि शेक घेतला.

तीन आठवडे तो नेमाने गेला. मानेची कातडी काळी पडली. पेज गिळतानाही तो खाटेची पाटी धरायचा. तरी तक्रार केली नाही. मग एका शनिवारी तो मला भेटायला मशीनवर आला आणि त्याच्या जागी गोविंदा नावाचा नवा माणूस उभा दिसला. मालक मनोहररावांनी त्याला काढलं नव्हतं. "बरा होऊन ये," एवढंच ते म्हणाले होते. पण ओंडके थांबत नाहीत. गोविंदाही वाईट माणूस नव्हता. त्याच्या हाकेवर मी ढकलत होतो.

सोमवारी पहाटे रुपराव मानेला दुपट्टा गुंडाळून धार लावत बसलेला.

"काहून गा, आज दवाखाना नाही?"

"उद्या डबल घेतो."

"शेकाची डबल ड्युटी होते का?"

"काहून नाही होत? मशीन तर चालूच राह्यते. खाडा पडला तर भरून काढाचा."

कामाचा दिवस बुडाला की आम्ही खाडा म्हणतो आणि पुढे डबल करून तो भरतो. आयुष्यभर दुसरा नियम आम्ही पाहिलाच नव्हता. उद्याचा परवा झाला. दवाखान्यातून फोन यायचे, तो उचलायचा नाही. घरी त्याची बायको गोपिका भांडायची.

"आरशात पाहा जी जरा. भरताच्या वांग्यावानी झाला गळा."

"म्हणूनच आराम देऊन राह्यलो ना त्याले. चूप राय वं."

आराम म्हणजे आरा मशीन. दोन आठवड्यांनी कातडी जरा निवळली. ते पाहून आपलं बरोबर होतं असं त्याला वाटलं, आणि तो परत गेला. मीही सोबत होतो. डबल द्या म्हणाला.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "एखादा दिवस बुडाला तर आम्ही भरून काढतो. दोन आठवडे नाही भरता येत. तुमची कातडी सावरली तशी आतली गाठही सावरली, पुन्हा वाढली. नुकसान तुम्ही पुरतं सोसलंत रुपरावजी, फायदा अर्धाच घेतलात."

उरलेला शेक त्यांनी दिला. त्याने एकही खाडा केला नाही. गिळताना आवाजही काढला नाही. अशी मेहनत मी आऱ्यावरही पाहिली नाही, आणि ती वाया गेली. वर्ष भरायच्या आत गाठ परत आली. मग ऑपरेशनच करावं लागलं.

गिरिधर आता सांगत फिरतो, "शेकानं खाल्लं त्याले." शेकाने त्याला खाल्लं नाही. पण हे सांगायला रुपरावला आवाज राहिला नाही, आणि मी सांगितलेलं गिरिधर ऐकत नाही. मागच्या महिन्यात त्याचं ऐकून वस्तीतल्या एका बाईने छातीचा शेक मध्येच सोडला.

ऑपरेशन सरकारी योजनेत झालं. बोलायचं यंत्र योजनेत बसलं नाही. टॉर्चएवढं असतं. गळ्याला टेकवून ओठ हलवायचे, की त्यातून घरघर येते. रुपरावने मजुरीतून थोडं थोडं बाजूला काढलं होतं, सावनेरकडे लहानसा प्लॉट घ्यायला. त्यातून ते यंत्र आलं, आणि वर दोन बॅटऱ्या.