उष्ट्या हाताचा केक

मल्लेश्वरमच्या आमच्या शेजारच्या अण्णांचं सोवळं कडक. पंगतीत वाढताना पळी कुणाच्या पानाला लागली, तर ती पुन्हा पातेल्यात जात नसे. त्यांना मी एकदा कँटोन्मेंटात इंग्रजी विनोदी सिनेमाला नेलं.

पडद्यावर केकची फेकाफेक सुरू झाली, तसे अण्णा खदाखदा हसू लागले. एवढ्यात एका जाड्याने गालावरचा केक बोटाने चाटला आणि त्याच हाताने पुढचा उचलला. अण्णांचं हसू थांबलं.

"स्वल्प थांब म्हणावं त्याला. हात उष्टा आहे."

जाड्याने तो केक थेट प्रेक्षकांच्या दिशेने भिरकावला आणि अख्खा पडदा पांढरा झाला.

सिनेमा संपल्यावर आम्ही टांग्याने परतलो. घरी येताच नळावर त्यांनी नेहमीसारखे हातपाय धुतले. मग जरा विचार करून तोंडही धुतलं, साबण लावून.