रिकाम्या होडीचा दाखला

तांदळाचा डबा रिकामा झाला की 'तांदूळ वाढले' म्हणायचं, ही रीत बऱ्याच घरांत असते. आम्ही कोळी त्याच्याही पुढचे. होडी रिकामी परत आली आणि किनाऱ्यावर कुणी "काय गावलं?" असं विचारलं, तर माझे बाबा जाळं झटकत म्हणणार, "हाय ना, दर्याची किरपा हाय." 'नाही' हा शब्द एकदा तोंडातून गेला की दर्या तो ऐकतो आणि मग तसंच वागतो, अशी त्यांची पक्की समजूत. माझी तशी नव्हती. दिघीच्या खाडीजवळच्या आमच्या वाडीतून मी माणगावच्या फार्मसी कॉलेजात पोचले होते, तेही स्वतःच्या मार्कांवर. दर्याला आमची बोलणी ऐकायला वेळ कुठला, असं मला वाटायचं.

कॉलेजात नाव लागलं होतं, पण फी आमच्या आवाक्यातली नव्हती. शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षण, नाही तर आईबरोबर बाजारात मासळीची पाटी, असा सरळ मामला होता. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा. मी हॉस्टेलवर, आई बाजारात, म्हणून बाबा एकटेच तलाठ्याकडे गेले. तलाठी मॅडम नव्या होत्या. त्यांनी साधाच प्रश्न विचारला, "धंदा कसा चाललाय?" झालं. बाबांनी सगळ्यात चांगल्या हंगामात होडीने जेवढी मासळी विकली होती, तो अख्खा आकडा सांगून टाकला. डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा, काही म्हणजे काही वजा केलं नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं. दाखल्यावर आमचं घर वाडीतलं सगळ्यात गबर घर झालं आणि माझा अर्ज परत आला.

मी फोनवर भडकले. "बाबा, असं कसं सांगितलंत?"

"मंग काय सांगू? आमच्याकडं न्हाय म्हणून सांगू?"

मागून आईचा आवाज आला, "तुज्या बापाच्या तोंडाला नुसती भरती. ओहोटी म्हायतीच न्हाय."

माझा स्वभाव असा, की रडू यायच्या आधी मी भांडायला उठते. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात गेले आणि शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या बाईंशी, जणू त्याच सरकार आहेत अशी, भांडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं? आता खुर्ची ओढ आणि बस." मग त्यांनी मला एक गोष्ट नीट समजावून दिली. शासन उत्पन्न विचारतं, इभ्रत विचारत नाही. होडीची विक्री वेगळी आणि खर्च, वाटे जाऊन घरात येतं ते वेगळं. दाखला दुरुस्त होतो, फक्त वडिलांनी स्वतः जाऊन, गावातल्या दोन पंचांसमोर तसा जबाब द्यायला हवा. "पोर्टल बंद व्हायच्या आत आण. तोवर मी तुझ्या मागे लागणार," असंही बजावलं. त्या खरंच मागे लागल्या. सकाळ-संध्याकाळ त्यांचा फोन असायचा.

कागद जमवणं मला जड नव्हतं. डिझेलच्या पावत्या आईने पिठाच्या डब्यावर ठेवलेल्या पिशवीतून काढून दिल्या. अवघड होतं ते बाबांचं तोंड. त्यात पंच म्हणून आले ते आमच्याच किनाऱ्यावरचे दोन होडीवाले. त्यातल्या एकाशी बाबांची लिलावात कायमची चढाओढ. त्याच्यासमोर कमीपणा घ्यायचा म्हणजे बाबांना जिवंतपणी सुळावर चढवण्यासारखं होतं. वाटेत मी त्यांच्याकडून काय बोलायचं ते घोकून घेतलं. ते नुसते "व्हय, व्हय" करत होते.

तलाठी मॅडमनी कागद पुढे ओढला. "बोला काका. मागच्या हंगामात धंदा कसा झाला?"

"हाय ना," बाबा म्हणाले. "दर्याची..."

आणि थांबले. मी तोंड उघडलं होतं, आकडे माझ्या जिभेवर तयार होते. पण बाबांनी टेबलाखाली दर्याच्या दिशेनं हात जोडलेले मला दिसले. ज्याला मी इतके दिवस खोटा मोठेपणा म्हणत होते, ती भीती होती. उद्या पहाटे त्यांना त्याच दर्यावर जायचं होतं. मी गप्प बसले. मला ते किती अवघड गेलं, हे मला ओळखणाऱ्यांना कळेल.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे पाहून, सावकाश म्हणाले, "न्हाय मॅडम. डिझेल गेलं, बरफ गेला, खलाश्यांचा वाटा गेला, का घरात काय ऱ्हात न्हाय. पोरीच्या फीपुरतं तर न्हायच."

मग तो चढाओढीवाला पंच पेन घेत म्हणाला, "आमचं बी तसंच हाय. कुठं सही करू?" माझे डोळे भरून आले. मी ते पदराने पुसले नाहीत, कारण मला पदर नव्हता. ओढणीने पुसले.

मॅडमनी अहवाल दिला, तीन वर्षांचा दाखला निघाला, आणि मुदत असताना अर्ज गेला. मंजूर होणार याची मला शंका नव्हती, आणि झालाही.

पण त्या दिवशी बाहेर पडल्यावर बाबा थेट किनाऱ्यावर गेले. मीही मागोमाग गेले. पाण्यात घोट्यापर्यंत उभं राहून त्यांनी नारळ सोडला, हात जोडले, आणि वळून मला म्हणाले, "बाय, तुज्यासाठी एकदा बोललो. दर्याला समजावून आलोय. आता तू पास हो, म्हंजी परत बोलायला नको."

मी पास झाले. आज माझं स्वतःचं औषधांचं दुकान आहे, आणि बाबा समोरून जाताना कुणी त्यांना विचारलं, "पोरीचा धंदा कसा हाय?" की ते म्हणतात, "हाय ना." आणि आता ते खरं असतं.