वर्लिन ह्रुस्काचा अर्ध्या तासाचा स्वयंपाक

आमच्या होल्डन फोर्डमध्ये वर्लिन ह्रुस्काचा आवाज ऐकला नाही असा माणूस नाही, आणि जनावर तर नाहीच नाही. चाळीस वर्षं तो दर गुरुवारी गुरांच्या बाजारात उंच चौथऱ्यावर बसून लिलाव पुकारायचा. श्वास न घेता बोलायचा. वासरू दारातून आत आलं की काट्यावर चढायच्या आधीच हा त्याचं वजन सांगायचा, आणि पाच-सात पौंडांपलीकडे कधी चुकायचा नाही. गुरांतलं त्याला कळत होतं, यात वाद नाही. पंचाईत एवढीच, की गोठ्यातलं कळतं म्हणजे ताटातलंही कळतं अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली होती, आणि नेब्रास्कात असल्या समजुतीला कोणी हरकत घेत नाही. जिल्ह्याच्या जत्रेत स्टेक भाजायची स्पर्धा असते, तिथे तो अकरा वर्षं परीक्षक होता.

घरीही तो परीक्षकच होता. बायको मार्सेला ताट पुढे ठेवायची. हा पहिला घास घ्यायचा, छताकडे बघायचा आणि दहापैकी गुण जाहीर करायचा. "साडेसहा." "सहा. रस्सा पातळ झालाय." "सात, पण बटाटे आईसारखे नाहीत." पाहुण्यांसमोरसुद्धा. पाहुणे हसायचे. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू. चौतीस वर्षांच्या संसारात मार्सेलाला आठ गुण एकदाच मिळाले, ते टर्कीला. ती टर्की शेजारणीने भाजून पाठवली होती.

उन्हाळ्यात मात्र वर्लिन स्वतः भाजायला उभा राहायचा. मागच्या अंगणात त्याची शेगडी होती, लहान ट्रॅक्टरएवढी. मार्सेला सकाळपासून मांसाला मीठमसाला लावून ठेवायची, मक्याची कणसं सोलायची, बटाटे उकडायची, टेबलं मांडायची. मग वर्लिन छातीवर एप्रन बांधून यायचा आणि लांब चिमट्याने तुकडा एकदा उलटायचा. लोक टाळ्या वाजवायचे. नंतर मार्सेला भांड्यांचा डोंगर घेऊन बसायची, तेव्हा टाळ्या वाजवणारे आपापल्या घरी पोचलेले असायचे.

मी एलवुड, त्यांच्या समोरच्या घरात राहतो. एकतीस वर्षं या गावात टपाल वाटलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली. चार-पाच पदार्थ येतात, त्यावर भागतं.

त्या फेब्रुवारीत मार्सेला चर्चच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. आमच्याकडे अशा वेळी बायका झाकलेल्या डिशा घेऊन दारात येतात. एक दिवस नूडल्समध्ये मासा आणि वर चीज, दुसऱ्या दिवशी नूडल्समध्ये कोंबडी आणि वर चीज. दोन आठवडे वर्लिन ते खात होता, आणि बाईची पाठ वळली की गुण देत होता. मग डिशा थांबल्या. गावाच्याही दयेला काही हद्द असते.

आम्ही चार-पाच म्हातारे रोज सकाळी कोपऱ्यावरच्या कॅफेत जमतो. तिथे ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या हार्लनने विषय काढला.

"काय वर्लिन, आता घरी खाणार काय?"

"खाणार काय म्हणजे? स्टेक आणि क्रीमचा पास्ता. अर्ध्या तासात. टीव्हीवर एक पोरगी करते, बोलता बोलता करते. अरे, बायकांनी स्वयंपाकाचा उगाच बाऊ करून ठेवलाय."

कॉफी ओतणारी बाई थबकली. वर्लिनचा कप अर्धाच भरून ती पुढच्या टेबलाकडे गेली.

"घड्याळ लावू?" हार्लन म्हणाला.

"लाव की! हरलो तर वर्षभर इथे गुरांचा विषय काढणार नाही."

टेबलावर एकदम आशेचं वातावरण पसरलं. साक्षीदार म्हणून मला पाठवायचं ठरलं. माझं टपाल कधी उशिरा आलं नव्हतं, म्हणून.

गुरुवारी संध्याकाळी बरोबर साडेपाचला मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. मार्सेला खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, प्लास्टरचा हात उशीवर. चौतीस वर्षांत मी तिला त्या खोलीत बसलेली पहिल्यांदाच पाहत होतो.

"एलवुड, जेवून आलायस ना?" तिने विचारलं.

"नाही."

"चुकलंच तुझं."

वर्लिनने एप्रन बांधला, हात चोळले आणि फ्रीजरचं दार उघडलं. स्टेकचे दोन तुकडे काढून त्याने टेबलावर ठेवले. वाजले ते, दगडासारखे.

"गोठलेलं आहे ते," मार्सेला म्हणाली.

"तवा तापला की सुटेल. मला शिकवू नकोस मार्सी, मांस आहे ते, मांस! माझं आयुष्य गेलंय त्यात."

त्याने बिडाचा तवा काढला, गॅस पूर्ण सोडला आणि तव्यात लोण्याची अख्खी वडी घातली. दुसरीकडे पास्त्याचं पाणी चढवलं. भांडं इतकं लहान निवडलं की पास्त्याच्या अर्ध्या काड्या बाहेरच उभ्या राहिल्या. तोंड चालूच होतं. लोणी कुठल्या गाईचं चांगलं, टेक्सासवाल्यांना मांसातलं का कळत नाही, त्या टीव्हीवरच्या पोरीने कुठे घोळ केला. तवा धुरायला लागला तेव्हा तो एकोणीसशे एक्क्याऐंशी सालच्या एका बैलाविषयी सांगत होता.

"वर्लिन, लोणी जळतंय," मार्सेला म्हणाली.

"जळत नाही, तांबूस होतंय. मोठमोठे आचारी करतात तसं."

मग त्याने ते बर्फाळ तुकडे तव्यात टाकले. त्यानंतर जे झालं ते मी नीट पाहिलं नाही, कारण धुरात काही दिसत नव्हतं. तवा असा फुत्कारला की वर्लिन दोन पावलं मागे सरला. छताला लावलेली, धुराचा इशारा देणारी डबी किंचाळायला लागली. वर्लिन तिला झाडूने मारायला लागला. तेवढ्यात क्रीमला कढ येऊन ते शेगडीभर सांडलं. उरलेल्यात त्याने पाकिटातलं किसलेलं चीज एकदम ओतलं, आणि चीजचा गोळा होऊन चमच्याला चिकटून बसला. पास्ता त्याने सिंकमध्ये निथळला. मार्सेला ओरडत होती, "पाणी टाकू नकोस, वाटीभर पाणी ठेव!" पण पाणी गेलं होतं. मी खिडक्या उघडल्या. बाहेर धूर गेला, आणि शेजारच्या बाईने तो पाहून आपलं कर्तव्य बजावलं, अग्निशामकांना फोन केला.

आमच्या गावात पगारी अग्निशामक नाहीत. भोंगा वाजला की जो जवळ असेल तो बंबाकडे धावतो. त्यामुळे सहा मिनिटांत वर्लिनच्या दारात लाल बंब उभा राहिला आणि त्यातून शिरस्त्राण घातलेला हार्लन उतरला. त्याच्यामागे कॅफेतलं अख्खं टेबल होतं.

हार्लन आत आला. त्याने शेगडी पाहिली, छत पाहिलं, मग हातमोजा काढून माझ्याकडे वळला.

"एलवुड, किती झाली?"

"बेचाळीस मिनिटं."

"अन् ताट?"

"अजून नाही."

त्याने काट्याने एक स्टेक उलटा केला, जवळ वाकून बघितला. "बाहेरून कोळसा झालाय, आतून अजून हंबरतोय."

बंबवाले हसत हसत गेले. वर्लिनने ताटं वाढली. बावन्नावं मिनिट चालू होतं. मी माझा तुकडा कापला, म्हणजे प्रयत्न केला. मार्सेलाला डाव्या हाताने कापता येईना, म्हणून वर्लिननेच तिला कापून दिलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. लिलावात शेवटच्या बोलीची वाट बघतात तसा तो तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. छताकडे पाहिलं नाही, काही नाही.

"मग?" वर्लिन म्हणाला.

ती चावत राहिली.

"मार्सी, बोल की काहीतरी. किती देशील?"

"मीठ दे इकडे," ती म्हणाली.

बस. पुढे जेवण संपेपर्यंत ती बर्फाबद्दल आणि चर्चच्या पायऱ्यांबद्दल माझ्याशी बोलली. वर्लिनला तिने शून्य दिलं असतं तरी तो इतका खचला नसता. शून्यावर वाद घालता येतो.

तो तीन दिवस कॅफेत आला नाही. चौथ्या दिवशी आला, पण गुरांचं नाव काढलं नाही. पैज त्याने पाळली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पुढच्या गुरुवारी त्याने मला पुन्हा बोलावलं. "घड्याळ आणू नकोस," म्हणाला.

या खेपेला मांस दुपारपासून बाहेर काढून ठेवलेलं होतं. मार्सेला त्याच खुर्चीत, त्याच उशीवर हात ठेवून बसली होती.

"कागदाने टिपून कोरडं कर. आणखी कोरडं. आता मीठ. तेल थोडंसं, लोणी नाही. लोणी शेवटी."

वर्लिन करत होता. सांगितलेलं करत होता, हेच मला नवीन होतं. पण तवा तापला, मांस टाकलं, आणि जिभेला राहवेना. "माझा बाप म्हणायचा की स्टेक नेहमी..."

"वर्लिन," मार्सेला म्हणाली, "तोंड बंद कर, म्हणजे तवा ऐकू येईल."

तो गप्प झाला. खरोखर गप्प. खोलीत फक्त चर्र आवाज होता, आधी मोठा, ओला. मग हळूहळू बारीक, कोरडा.

"बदलला?" तिने विचारलं.

"बदलला," तो पुटपुटला.

"मग उलट."

त्याने उलटला. खालून असा खरपूस तांबडा निघाला की मीच "वा" म्हणालो. चौतीस वर्षं जो आवाज ती रोज ऐकत होती, तो ह्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मग लोणी, ठेचलेला लसूण, चमच्याने वरून सोडत राहायचं. मांस ताटलीत काढून दहा मिनिटं हातही लावायचा नाही. तोवर क्रीम मंद आचेवर, गॅस बंद करून मग चीज, थोडं थोडं, आणि घट्ट झालं की पास्त्याचं ठेवलेलं पाणी. दोनदा क्रीम फाटलं, दोनदा त्याने मुकाट्याने ओतून दिलं. चौथ्या गुरुवारी सगळं जमलं. पस्तीस मिनिटांत, पण ते मोजत कोण होतं? मीच, मनातल्या मनात. सवय जात नाही.

आता इथे गोष्ट संपली असती तर वर्लिन शहाणा झाला असं मी लिहिलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी तो कॅफेत आला आणि उभं राहून व्याख्यान द्यायला लागला. मांस कोरडं कसं करावं, पास्त्याचं पाणी का टाकू नये, "लोकांना माहीतच नसतं रे हे!" कॉफी ओतणाऱ्या बाईला त्याने चीज कधी घालावं ते समजावून सांगितलं. ती बाई बेचाळीस वर्षं स्वयंपाक करतेय. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की मी माझा कप उचलून धरला, चुकून माझ्यावर सांडू नये म्हणून.

चर्चमध्ये तर कहर झाला. बायका मार्सेलाला घेरून म्हणाल्या, "किती भाग्यवान गं तू! असा नवरा मिळायला पुण्य लागतं." गावच्या साप्ताहिकात वर्लिनचा एप्रनमधला फोटो आला, हातात तवा. मार्सेलाने चौतीस वर्षांत बारा हजारांवर रात्रीची जेवणं रांधली असतील. तिचा फोटो एकदाच छापून आला होता, घसरून पडली तेव्हा, तोही पायऱ्यांवर वाळू न टाकल्याच्या बातमीत.

मी तिला विचारलं, "राग नाही येत?"

"येतो ना," ती म्हणाली. "पण एलवुड, फोटो आलाय म्हणजे आता त्याला माघार घेता येत नाही. सगळ्या गावाला माहीत झालंय की त्याला स्वयंपाक येतो."

एप्रिलमध्ये प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता मनगटाला व्यायाम हवा. वर्लिनने त्याच संध्याकाळी एप्रन खुंटीला लावला आणि टेबलापाशी जाऊन बसला. मार्सेला कोट घालून दाराशी उभी होती.

"कुठे निघालीस? जेवणाचं?"

"व्यायामाला. बोलिंगच्या संघात नाव घातलंय, सोमवार, मंगळवार आणि गुरुवार. तुझं तू बघ. तुला येतंय की!"

वर्लिनने बघितलं. त्याला एकच पदार्थ येत होता, तो त्याने पाच आठवडे केला. मग त्याची पॅन्ट बसेना, डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्याला मांस आणि क्रीमबद्दल अशा शब्दांत सांगितलं की तो दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात वही घेऊन उभा. "एलवुड, ते तुझं घेवड्याच्या शेंगांचं सूप. लिहून घेतो. पहिल्यापासून सांग, आणि मी मध्ये बोललो तर थांबव."

मी पाच वेळा थांबवलं.

परवा मी बोलिंगच्या ठिकाणी गेलो होतो. मार्सेलाचा संघ पुढे होता, ती पट्ट्याच्या टोकाशी पाडायला मांडलेल्या खुंट्यांकडे बघत, उजव्या हातात जड चेंडू तोलत उभी. दारातून वर्लिन आला, हातात झाकलेली डिश, वर टॉवेल गुंडाळलेला. येऊन तिच्यामागे उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"गरम आहे," तो म्हणाला.

मार्सेलाने मागे वळून पाहिलंही नाही. "ठेव तिथे बाकावर. माझा डाव आहे."