चार इंची मशीन, पाच इंची चकती

जालिंदर ग्राइंडरला भ्यायचा, आणि हे त्याची बायको राणी सोडली तर कुणालाच ठाऊक नव्हतं. कडेगावपासून शिराळ्यापर्यंत लोक त्याला मोठा शिस्तीचा कारागीर समजत. गाई दिवसभर दावणीला बांधलेल्या, चालणं नाही, मग नख्या झिजायच्या कशा? त्या वाढतात, गाय लंगडते, दूध आटतं आणि मालकाला जालिंदरची आठवण होते. तो यायचा, ग्राइंडरला चकती लावायचा आणि खुरं साळून द्यायचा.

पण त्याआधीचा त्याचा सोहळा बघण्यासारखा असे. आधी प्लग काढायचा. चकती उन्हात धरून कुठं चीर गेलीय का ते बघायचं. चकतीवरचं झाकण, म्हणजे गार्ड, जागेवर आहे ना, नट आवळलाय ना, हे दोनदा चाचपायचं. मग माणसाजनावरापासून लांब जाऊन, भिंतीकडं तोंड करून मिनिटभर मशीन नुसतं फिरवायचं. लोक म्हणायचे, जालिंदरची पूजा चाललीय. पूजा कसली, बिचारा भीतीपोटी वेळ काढत असायचा.

दोन वर्षांपूर्वी शिराळ्यात त्यानं घाईघाईत चिरलेली चकती लावली होती. ती फुटली आणि तुकडा मांडीत घुसला. चौदा टाके पडले. गावात त्यानं बैलानं शिंग मारल्याचं सांगितलं, कारण आपल्याच हत्यारानं आपल्याला फाडलं हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

त्या दिवशी काम होतं लालासाहेबांच्या गोठ्यात. लालासाहेब पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. गाय खोड्यात घातली, मागचा पाय उचलून आडव्या लाकडाला बांधला. तो हलू नये म्हणून राणी खाली बसली आणि दोन्ही हातांनी खूर धरलं. जालिंदर पाठमोरा होऊन गाठी मारत होता, तेवढ्यात सुभेदारांना मदतीची हुक्की आली.

जालिंदर वळून बघतो तर गार्ड काढून शेणात टाकलेला आणि मशीनवर नवीकोरी दातेरी चकती. मशीन चार इंची, चकती पाच इंची. गार्ड असता तर ती बसलीच नसती, म्हणून गार्डच काढला. चकतीचं भोक मोठं पडलं, तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मधे कोंबला. चकतीवर मिनिटाला जास्तीत जास्त साडेआठ हजार फेऱ्यांचा आकडा होता आणि हे मशीन मिनिटाला अकरा हजार फिरायचं. सुभेदार खुशीत म्हणाले, त्याची जुनी चकती फार रटाळ चालते, म्हणून सांगलीहून मुद्दाम ही आणलीय.

जालिंदरच्या तोंडचं पाणी पळालं. ही चकती सुटली तर समोर राणीची दहा बोटं होती, आणि बोटांच्या वर वीतभर अंतरावर तिचा चेहरा. पण सुभेदारांना नाही म्हणायचं? जालिंदरनं जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. उद्या चार गावांत बभ्रा झाला की जालिंदर भित्रा, तर गोठ्यात कोण उभं करणार?

गार्ड राहिलाय, एवढं तो कसंबसं पुटपुटला. सुभेदारांनी ते उडवून लावलं. असल्या झाकणांवाचून आपण पलटणीत जन्म काढला, दोन मिनिटांचं तर काम, असं म्हणत त्यांनी प्लग लावला आणि मशीन त्याच्या हातात दिलं.

जालिंदरनं राणीकडं बघितलं. ती खाली मान घालून खूर धरून बसली होती, त्याच्या भरवशावर.

"आवं सुभेदार," तो म्हणाला, "मला भ्या वाटतंय."

राणीनं झटकन वर बघितलं. दोन वर्षांत तिलासुद्धा त्यानं हे तोंडानं सांगितलं नव्हतं. सुभेदार हसले.

"बापई गडी ना रं तू?"

"व्हय. पर भ्या वाटतंय. तुमी बसा राणीच्या जागी. खूर तुमी धरा, मग करतो चालू."

हे शब्द आपल्या तोंडून कसे निघाले, ते जालिंदरला कळलं नाही. राणी उठली. आता सुभेदारांना माघार घेता येईना. ते धोतर सावरून बसले आणि खूर घट्ट धरलं. चकतीचे दाते त्यांच्या मिशांसमोर आले. बटण आपण दाबणार नाही हे जालिंदरला पक्कं माहीत होतं, पण सुभेदारांना कुठं माहीत होतं? भीतीनं त्याचे हात लटलटत होते, हातांबरोबर मशीन हलत होतं, आणि ट्यूबच्या तुकड्यावर ती चकती डुगडुगताना सुभेदारांना अगदी जवळून दिसत होती. तेवढ्यात गाईनं पायाला हिसडा दिला.

"थांब," सुभेदार हळूच म्हणाले. "प्लग काढ आदी."

जालिंदरनं प्लग काढला. चकतीचा नट राणीनंच सोडवला. सुभेदार मात्र खूर सोडायचं विसरून तसेच बसून राहिले होते.