गाडीला कोणते प्लग

माझ्याकडे एक लाल गाडी आहे. दिसायला छोटीशी, पण इंजिन टर्बोचं. सायलेन्सरला दोन तोंडं, सीटला लाल दोऱ्याची शिवण, आणि ‘स्पोर्ट’ लिहिलेलं एक बटण, ज्याला मी हात लावत नाही. पन्नाशीला टेकलेल्या, बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या माणसाने अशी गाडी कशाला घ्यावी, हे नंदुरबारात मला बहुतेक सगळ्यांनी विचारून झालं. मी कुणालाच धड उत्तर दिलं नाही. माझा स्वभावच तसा. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, हाई औषध मारं तं अळी मरी का?" मी म्हणतो, "मारी दखा." मारून बघा; म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही.

बायकोने मात्र काही विचारलं नाही. सुरतेहून जुनी गाडी घेऊन मी दारात आलो, तेव्हा तिने ओट्यावरून गाडीकडे पाहिलं, मग माझ्या टकलाकडे पाहिलं. "आते डोकावर केस बी लाई ल्या," म्हणाली आणि ओवाळायला ताट आणायला आत गेली.

इथून पुढचं मी आपणहून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही सांगितलं नसतं. प्लगांनी सांगायला लावलं.

पहिल्याच रविवारी मी एकटा गाडी घेऊन नवापूरकडच्या हायवेला गेलो. रस्ता मोकळा दिसला आणि पाय खाली दाबला. गाडीने अशी उडी घेतली, की माझं पोट मागच्या सीटवर राहिलं. समोर कोंबड्यांच्या जाळ्यांनी भरलेला ट्रक चालला होता. बघता बघता त्याच्या इतका जवळ गेलो, की एका कोंबडीशी माझी नजरानजर झाली. ब्रेक मारला. गाडी कडेला घेतली. काचेवर पिसं भुरभुरत होती. तिथून घरापर्यंत मी बैलगाडीच्या चालीने आलो, आणि पुन्हा कधीही तो पाय तसा दाबला नाही.

घरी आलो तर वायपरमध्ये एक पीस अडकलेलं. बायकोने ते उपसून हातात धरलं. "इतलं जोरमा?" एवढंच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मी सांगू शकलो असतो, की अगं, घाबरून परत आलो. पण मी नुसता हसलो. जरा मान वाकडी करून, जसा आयुष्यात कधी हसलो नव्हतो. संध्याकाळी तिने मीठ-मिरच्यांनी माझी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका लागून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी दुकानात जातो नि दुकानातून येतो. माझी काळजी करावी असं त्यात काही नव्हतंच. आता कुणीतरी माझ्यासाठी घाबरत होतं.

मग दर रविवारी "जरा गाडी पळवून आणतो" म्हणून मी निघायचो. आणि कोरीटच्या बाजूला एका ओळखीच्या शेताच्या बांधालगत, लिंबाच्या सावलीत गाडी उभी करायचो. इंजिन चालू ठेवायचं, एसी लावायचा, सीट मागे टाकायची, शेंगदाणे खायचे. बायकोचा फोन यायचा. उचलायचो नाही. चालवताना फोन कसा उचलणार? शेतमालक एकदा काचेवर टकटक करून म्हणाला, "भाऊ, घरमा भांडन व्हयनं का?" मी म्हणालो, "दखू." कशाला कशाचं उत्तर, तेही मला कळलं नाही.

यंदा गाडी सकाळी सुरू होताना अडखळायला लागली. थरथरायची, खोकायची, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. मेकॅनिकने इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग काढले तर चारही काळेकुट्ट. त्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिले. ह्या गाडीचे प्लग इथे मिळत नाहीत, सुरतेहून मागवा म्हणाला.

घरी मी काय सांगितलं असेल? "गाडी इतकी पळते ना, प्लग जळून गेले."

"मंग भारीमाधला भारी ल्या," बायको म्हणाली. "रस्तामा बंद पडी गई तं मांगून ट्रक यी." आणि तेव्हापासून मी मोबाइल हातात घेतला, की निवडायची भाजी घेऊन माझ्याशेजारीच बसायला लागली. प्लग कोणते येतात ते तिला स्वतःच्या कानाने ऐकायचं होतं.

दोन दिवस मी मोबाइलवर प्लगांचाच अभ्यास करत होतो. इरिडियमचे, प्लॅटिनमचे, साधे. त्यातही ‘थंड’ आणि ‘गरम’. थंड प्लग आपली उष्णता झटपट बाहेर टाकतो, म्हणून इंजिन तापवून पळवणाऱ्यांना तो लागतो. हळू चालणाऱ्या गाडीत तोच प्लग पुरेसा तापत नाही आणि त्याच्यावरची काजळी जळत नाही. मला हे सगळं कळलं होतं. तरी माझं मन थंडावरच बसलं होतं, कारण त्याच्या खोक्यावर शर्यतीची गाडी छापलेली होती. ते खोकं घरात दिसलं पाहिजे, असं मला वाटत होतं.

सुरतेत सुटे भाग विकणारा दुकानदार मूळचा आपल्याच बाजूचा. त्याला काळ्या प्लगांचे फोटो पाठवले. त्याचा फोन आला तेव्हा माझे हात काजळीने भरलेले, म्हणून बायकोने फोन स्पीकरवर टाकून निवडायला घेतलेल्या मेथीच्या परातीला टेकवून ठेवला.

"भाऊ, फोटो दखात मी. गाडी कशी चालावतस तुम्ही?"

"म्हणजे?"

"म्हणजे पळावतस, का गावमाच फिरावतस?"

"मिक्स," मी म्हणालो.

"मिक्स काय, भाऊ? फरसाण शे का?"

बायको मेथीत खुदकन हसली. मग पुढे वाकून तीच बोलली, "नवापूरलगून पळावतस ह्या. दर रविवारे. मन्हं तं ऐकतसच नहीत."

पलीकडून दुकानदार म्हणाला, "वहिनी, पळावनारी गाडीना प्लग असा नहीत ऱ्हातस. ह्या तं चूलमाईन काढेल वाटतस." मग मला म्हणाला, "दखा भाऊ, खरंच पळावत व्हशात तं थंडा देस. पन गाडी उभी ऱ्हाईसन चालू ऱ्हात व्हई, तं थंडा लाऊ नका. लगेच काळा व्हई जातीन आनि कोठे बी बंद पडी. बोला, कोनता धाडू?"

आता ह्या प्रश्नाला "दखू" हे उत्तर चालणार नव्हतं. थंड म्हणालो तर अब्रू राहत होती. पण मग गाडी खरंच कुठेतरी बंद पडली असती, आणि शेजारी बसलेल्या ह्या बाईच्या डोळ्यांसमोर नेहमी येणारा तो ट्रक आणखी जवळ आला असता. तिच्याकडे पाहिलं. ती देठं खुडत होती, पण त्याच त्याच काडीचं देठ दुसऱ्यांदा शोधत होती.

"उभी असते," मी म्हणालो.

"काय?"

"गाडी. उभी करून आत बसतो. एसी लावून."

"कितला येळ?"

"बराच."

"मंग असं सांगा ना भाऊ!" दुकानदार अगदी मोकळा झाला. "कंपनीनाच लावा. आनि आठोडामा एखाद येळ जरा पळावत जा तिले, काजळी जळी जास." त्याने फोन ठेवला. त्याचं काम झालं होतं.

बायकोने फोन पदराने पुसला. "कोठे बठतस?"

"कोरीटकडे. लिंबाखाली."

"आनि करतस काय?"

"शेंगदाणे खातो."

ती हसली, आणि मला वाटलं, सुटलो. पण हसू तसंच अर्धवट थांबलं. "मी रविवारे तुम्ही येवालगून घास नही लेत," ती म्हणाली. "फोन उचलतस नहीत, तं वाटे, आते कोना दुसरानाच फोन यी. मी आठे जीव मुठमा धरीसन बठू, आनि तुमले ते गोड लागे?"

तिच्या जेवणाचं मला माहीत होतं. परत आल्यावर स्वयंपाकघरात दोन्ही ताटं कोरडी दिसायची. दिसायची आणि मी पुढच्या रविवारी आणखी जरा उशीर करायचो. हे मी तिला त्या वेळी सांगितलं नाही. इथे लिहितो आहे, ती वाचेल. त्या वेळी मी फक्त "हो" म्हणालो. "गोड लागायचं."

ती उठून आत गेली. मेथीची परात तशीच राहिली. उरलेली मी निवडली, काळ्या हातांनी. ती भाजी मग गायीला घालावी लागली.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी मी स्कूटरवरून दुकानात निघालो, तर मागून आवाज आला, "संभाळीसन उभा ऱ्हावा, बरं!" तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतर मात्र माझी सुटका नव्हती. घरी पाहुणे आले की ती माझ्यापुढे शेंगदाणे करायची. "ह्यासले पहिले, ह्या लांबना प्रवासथीन येल शेतस." पाहुणे माझ्याकडे बघायचे आणि मी शेंगदाणे खायचो.

कंपनीचे प्लग आले. खोक्यावर काही चित्र नव्हतं. मेकॅनिकने ते बसवले आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. दिवा गेला, थरथर गेली. पुढच्या रविवारी मी ओट्यावर चपला घालत म्हणालो, "काजळी जाळून येतो जरा."

"येतांना दही लयी या," ती आतून म्हणाली. बाहेर आली नाही.

मी बेताच्या वेगाने धुळ्याच्या रस्त्याला लागलो आणि बराच लांब गेलो. गाडी छान पळत होती. फोन शेजारच्या सीटवर उताणा ठेवला होता, तो एकदाही वाजला नाही. मी मधूनमधून बघत होतो, रेंज आहे ना. रेंज भरपूर होती. मग मी गाडी वळवली आणि दही घेऊन घरी आलो.

बायको झोपाळ्यावर बसून बडीशेप चघळत होती. तिचं जेवण झालं होतं.

"आंबट तं नही ना?" तिने विचारलं.

मी नेहमीसारखं "चाखी दखा" म्हणणार होतो. पण थांबलो, पिशवी सोडली, बोट बुडवून चाखलं.

"आहे थोडं," मी म्हणालो.