गांधीलमाशीची नोंद

नाशिकमधल्या एका काचेच्या इमारतीत बसून मी परदेशातल्या रुग्णांचे कागद वाचते. डॉक्टरचं टिपण वाचायचं, त्याला ठरलेला कोड लावायचा, मग तिकडच्या विमा कंपनीकडे त्याचं बिल जातं. माझ्या वाट्याला कीटकदंशाची अ‍ॅलर्जी आली. काही माणसांचा एका डंखानं जीव जाऊ शकतो. त्यांना त्याच माशीचं विष कणाकणानं, काही वर्षं टोचत राहतात. शरीराची विषाशी ओळख होते आणि ते भांडायचं थांबतं. हे विष तयार करून बाटलीत भरण्यालाही कोड असतो. एका जातीच्या माशीच्या विषाचा वेगळा, तिघींच्या मिश्रणाचा वेगळा. पहिल्याच आठवड्यात मी बाटली एक म्हणून विषही एकच मोजलं. टीम लीडर शांतपणे म्हणाली, बाटल्या नको, माश्या मोज.

तेव्हापासून दुपारी एसीच्या घरघरीत मला माश्या दिसू लागल्या. पांढऱ्या तोंडाच्या, पिवळ्या पट्ट्यांच्या, कधी न पाहिलेल्या. कागदांवरची नावं झाकलेली असायची, डंख मात्र उघडे. कुणाला गवत कापताना मानेवर, कुणाला सरबत पिताना ओठावर. मी त्या अनोळखी अंगणांतून अनवाणी चालत राहायचे. गवत थंड लागायचं.

अशाच एका दुपारी वाचलं: ओठ सुजले, श्वास लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी एकदम खुर्चीत परतले. हे मी पाहिलं होतं.

आई द्राक्षमळ्यात घडांतले जास्तीचे मणी विरळायला जाते. गेल्या हंगामात तिला मांडवाखाली गांधीलमाशी चावली, तेव्हा तिचे ओठ असेच सुजले होते. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन वाचवलं. केस पेपरवर मात्र एकच शब्द होता: पित्त. पुढचा डंख तिला घेऊन जाऊ शकतो हे त्या कागदाला ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी दुसरा कुणी डॉक्टर असला, तर तो हा कागद वाचून पित्ताची गोळी देऊन घरी पाठवेल. आणि आई मळा सोडणाऱ्यातली नव्हती.

आमच्या कामात नियम आहे, लिहिलं नाही ते घडलं नाही. मला तो नवा नव्हता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या कंत्राटी कामगारांच्या मागण्यांची पत्रकं बाबा आमच्या स्वयंपाकघरात लिहायचे; कागदावर नसलेलं कुणी मानत नाही, म्हणायचे. जमिनीवर पसरलेल्या कागदांची शाई वाळेपर्यंत आम्हाला जेवायला बसता यायचं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले. मी म्हणाले, नोंद बदलून द्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. विचारलं, मेडिकलला आहात का? मी म्हणाले, नाही, मी फक्त कागद वाचते. मग मी माश्यांबद्दल, विषाबद्दल, त्या बाटल्यांबद्दल भडाभडा बोलले. ते म्हणाले, तो उपचार इथे मिळत नाही, मुंबईला चौकशी करावी लागेल, तीही खात्रीची नाही. मी रोज ज्याचे डोस मोजते तेच माझ्या आईसाठी नाही, या रागानं माझा आवाज चढला.

आई मधेच म्हणाली, "लिहा ना डॉक्टर. ही घरी झोपू देत नाय."

डॉक्टर हसले. पेन काढून त्यांनी एक ओळ लिहिली, खाली अधोरेखित केली. मग आईकडे वळून सांगितलं, पुन्हा चावली तर पाणी पीत, लिंबू चोळत बसायचं नाही, त्याच क्षणी दवाखाना.

रिक्षात आईनं कागद पुढे केला. "काय लिवलंय, वाच."

मी मराठीत करून वाचलं: गांधीलमाशीच्या डंखाची तीव्र अ‍ॅलर्जी, जिवाला धोका.

बाहेर द्राक्षांचे मांडव मागे सरकत होते, हिरव्या पाण्यासारखे. आई त्यांच्याकडे पाहत होती.

"म्हंजे तवा मी मेलेच असते," ती म्हणाली. तिला हे आत्ताच कळत होतं. "आन् मळ्याच्या मालकाची गाडी त्या दिवशी मार्केटला गेली होती. मला सायकलीवरून आणलं."

तिनं माझ्या हातातून कागद घेतला आणि त्याची घडी घातली.

"उद्यापास्नं गाडी मळ्यात उभी पायजे. काम संपस्तोवर. नायतर आम्ही बाया मांडवात पाय ठेवायच्या नाय."

कागदाची घडी तिनं माझ्याकडे परत दिली नाही. घरी पोचेपर्यंत ती ओठांतल्या ओठांत बोलत होती, बहुतेक मालकाशी.